लसींचा फ्रिज आणि आम्ही दोघे

मित्रांनो, मी एक जुने सोलर पॅनेल आहे. आरोग्य केंद्राच्या पत्र्यावर चौदा वर्षे ठाण मांडून बसलो आहे. सिलिकॉन हजार अंशांहून जास्त तापवून माझे काळेनिळे तुकडे घडवले आणि वर जाड काच बसवली. त्यामुळे मी अंगाने भारदस्त आणि स्वभावाने जरा ताठ आहे.

माझे काम एकच, खाली लसींचा फ्रिज थंड ठेवणे. उन्हात मी कधी कुचराई केली नाही, पण ढगाळ दिवसांत जीव मेटाकुटीला यायचा. एका पावसाळ्यात फ्रिज दोनदा गरम झाला आणि लसी फेकाव्या लागल्या. पुन्हा तसे झाले तर फ्रिज काढून नेऊ, अशी आरोग्य खात्याच्या साहेबांची नोटीस आली. म्हणजे तान्ही बाळे घेऊन आयांनी तीन तास चालत दुसऱ्या केंद्रावर जायचे! मला स्वतःची लाज वाटली.

"अजून एक पॅनेल टाका की," नर्सबाई म्हणाल्या.

"बाई, एकाच्याच वजनानं पत्रा वाकलाय. दुसरं टाकलं तर सगळं डोक्यावर येईल," मिस्त्री म्हणाला.

नर्सबाईंची भाची प्रयोगशाळेत काम करते. तिने पेरोव्हस्काइट नावाच्या नव्या पदार्थाची पट्टी आणली. शाईसारखा पातळ थर, कमी आचेवर सुकवलेला, वजनाला किरकोळ आणि मंद उजेडातही वीज देणारा. तिने ती थेट भिंतीवर चिकटवली. पंधरा दिवसांत कडेने ओल शिरली आणि काळी पट्टी पिवळी पडली. खरे सांगतो, मला बरे वाटले.

"मावशी, चूक माझी. कडा घाईत बंद केल्या," भाची म्हणाली. "ही परत नेते. यात शिसं असतं, कचऱ्यात टाकायची नाही. पण मी सोडणार नाही."

चार पट्ट्या वाया गेल्या, पाचवी टिकली. यंदा सलग नऊ दिवस ऊन दिसले नाही. ती भिंतीवरून आणि मी पत्र्यावरून, दोघांनी नेट लावून फ्रिज राखला. साहेबांनी थर्मामीटर पाहिला आणि नोटीस मागे घेतली.

"आता हे म्हातारं उतरवू?" मिस्त्रीने विचारले.

"अजिबात नाही. पट्टीला आत्ता कुठे एक पावसाळा झालाय, यानं चौदा काढलेत," भाची म्हणाली.

मित्रांनो, ती पट्टी चौदा काढेपर्यंत मीही हटणार नाही. तुम्ही माझी काच पुसा, तिच्या कडा जपा आणि आमच्यातले कोणी थकले तर उकिरड्यावर भिरकावू नका. खाली आत्ताच एका बाळाने सुई टोचताच भोकाड पसरले आहे. ते रडणे याच खोलीत ऐकू येत राहावे, एवढाच माझा हट्ट आहे.