जुन्या आज्ञा

"काका, जुन्या आज्ञा पुस्तिकेतून पूर्ण काढून टाका. एक ओळबी राह्यली नाई पायजे," टीमचा प्रमुख किशोर म्हणाला आणि खुर्ची ओढून देवमन तायडेंच्या शेजारी बसला.

देवमन छप्पन्न वर्षांचे. अमरावतीच्या या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम एकोणीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. कंपनीचं सॉफ्टवेअर तालुक्यातालुक्यांच्या वाचनालयांत चालायचं. पूर्वी त्याला सगळं टाइप करून सांगावं लागे. 'दे', मग पुस्तकाचा क्रमांक, मग सभासदाचा. क्रम चुकला की ते अडून बसे. आता पडद्यावरच्या चौकोनांवर क्लिक केलं की काम होई. पुढच्या महिन्यापासून तर जुन्या आज्ञा चालणारच नव्हत्या.

"बार्शीटाकळीची नीलम गवई अजूनबी त्याच वापरते," देवमन म्हणाले. "तिले जन्मापासून दिसत नाई. टाइप करते अन् हेडफोनवर आयकते. तिचा बोलणारा प्रोग्राम हे नवे चौकोन वाचतच नाई."

"असे किती जण हायेत?"

"एक."

किशोर माणूस वाईट नव्हता. "एकीसाठी जुनं सांभाळाले आपल्यापाशी माणसं नाईत, काका. चौकोन बोलते करायचं मी यादीत टाकतो."

त्या यादीत तीन वर्षांपूर्वीच्या गोष्टीही तशाच पडून होत्या.

देवमननी कामाला सुरुवात केली. नीलमला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी वाचनालयात तिची नेमणूक झाली, तेव्हा पंधरा दिवस रोज दुपारी फोनवरून त्यांनी तिला अख्खी पुस्तिका वाचून दाखवली होती. सोळाव्या दिवशी तिचाच फोन आला. "सर, चाळीसाव्या पानावर तुमी सभासद आधी सांगतलं. मशीन तं पुस्तक आधी मांगते." देवमननी पान काढून पाहिलं. चूक आठ वर्षं तशीच छापली जात होती. ती कुणालाच दिसली नव्हती, कारण पुस्तिका कुणी वाचतच नव्हतं.

तेच चाळीसावं पान त्यांनी गुरुवारी काढलं. खालची पानं आपोआप वर सरकली.

महिनाभरानंतर रजा टाकून ते अकोल्याला गेले आणि तिथून बस बदलून बार्शीटाकळीला. वाचनालयाच्या काउंटरवर पायल नावाची नवी मुलगी बसली होती. नीलम आतल्या खोलीत जमिनीवर बसून दाभणाने महिन्याची वर्तमानपत्रं शिवत होती.

देवमन दारातच उभे राहिले.

"कोण हाये? बोला नं. बोलल्याबिगर मले कसं समजन?"

"मी तायडे. अमरावतीचा."

तिचा हात थांबला. मग तिने चाचपून शेजारचे कागद बाजूला सारले. "बसा, सर. तुमचा आवाज फोनवर मोठा वाटे."

ते बसले.

"माही नोकरी गेली नाई," तीच म्हणाली. "फक्त जागा बदलली. पयले लोक मले पुस्तक मांगत. आता इकडं कोणी येत नाई." तिने पुन्हा दाभण उचललं. "जुनं सगळं पुस्तिकेतूनबी काढलं काय?"

"हो. मीच काढलं."

"तुमीच काढलं ते बरं केलं. दुसऱ्यानं कुठं अर्धं ठेवलं असतं. वाचणारा फसला असता."

देवमननी मान खाली घातली.

"नवी आणली काय? वाचून दाखवा नं."

पिशवीतून पुस्तिका काढून ते वाचू लागले. "पुस्तक देण्यासाठी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातला निळा चौकोन पाहा. तो निळा चौकोन..."

ते थांबले. वाक्य त्यांचंच होतं.

"थांबले काहून?" नीलमने दोरा ओढून घट्ट केला. "वाचा, सर. पायल नवी हाये, दिवसातून चारदा अडते. तिले सांगाले मले पाठ पायजे."

देवमननी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं. ती शिवता शिवता प्रत्येक वाक्य हळू आवाजात म्हणत होती.