कोऱ्या कागदाखालची सही

"ह्या डब्याला साखरेची चव कळती व्हय?" हौशीराम पॅनमननं विचारलं, आणि साखर कारखान्याच्या पॅनघरातली सगळी माणसं हसली.

मच्छिंद्रही हसला. बी.एस्सी. झाल्यावर शिरूरच्या एका भाड्याच्या खोलीत दीड वर्ष खपून त्यानं तो डबा बनवला होता. पॅनमध्ये रस आटत जातो, तशी त्यातून वाहणारी वीज कमी होत जाते. रसात पोलादाच्या दोन कांड्या सोडायच्या आणि बाहेर डब्यावरचा काटा बघायचा. साखरेचा दाणा धरायची वेळ काटाच सांगणार. हौशीराम हेच काम सोळा वर्षं काचपट्टीवर थेंब घेऊन, उजेडाकडे धरून करत आला होता.

त्या दिवशी चार पॅन झाले. तीनदा काटा आणि काचपट्टी एकाच मिनिटाला बोलले. चौथ्यांदा काटा आधी बोलला. हौशीरामनं पुन्हा थेंब घेतला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "बेण्यानं मला हरिवलं की!"

कारखान्यानं असे बारा डबे, म्हणजे मीटर, मागितले. मच्छिंद्रचं नाव देशी कारखानदारांच्या सरकारी यादीतही लागलं, आणि त्याला अधिक आनंद या यादीचाच झाला. नियम सरळ होता. जी वस्तू देशात बनते, ती बाहेरून आणायची नाही. कुणी आयातीचा परवाना मागितला, की आयात खातं यादीतल्या कारखानदाराला पत्र लिहून विचारी: हे तुम्ही पुरवू शकता का? त्यानं हो म्हटलं, की परवाना नाही. आपल्यासारख्या एका खोलीतल्या माणसालाही दिल्ली आधी विचारणार! हा नियम मच्छिंद्रला न्यूटनच्या नियमाइतका स्वच्छ वाटे.

ही पत्रं दौंडला येत. दौंडला त्याचे भागीदार सोपानराव राहत. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून ते निवृत्त झालेले. मच्छिंद्रच्या हाती सोल्डरिंगची कांडी पहिल्यांदा त्यांनीच दिली. सुटे भाग रेल्वे पार्सलनं येणार, म्हणून पत्ता दौंडचा दिला होता. उत्तर पंधरा दिवसांत जायला हवं, आणि त्यावर सही बनवणाऱ्याची, म्हणजे मच्छिंद्रची. शिरूरहून दौंडला थेट एसटी दिवसातून दोनच. एकदा एसटी बंद पडली आणि मुदत हुकता हुकता राहिली. तेव्हा मच्छिंद्रनं आठ कोऱ्या लेटरहेडवर खाली सह्या केल्या आणि सोपानरावांना म्हणाला, "आप्पा, मजकूर तुम्ही टाइप करत जा." त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. त्या भागात सोसायटीच्या कागदावरही आधी अंगठा उठे, मजकूर मागाहून येई.

मीटरात बसवायचे ट्रान्झिस्टर मात्र येईनात. ते देशात मिळत नव्हते आणि बाहेरून आणायला परवाना लागे. अर्जाला अकरा महिने झाले. तीन मीटर तयार होते. बाकीचे नऊ डबे रंग देऊन रिकामेच उभे होते.

ते तीन मीटर घेऊन तो कारखान्यावर गेला, तर हौशीराम दारातच भेटला.

"मास्तर, तुमच्या डब्याचा थोरला भाऊ आलाय. खोक्यावर इंग्रजी शिक्के हायती."

चीफ इंजिनिअरनं खुर्ची दिली, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. "परवाना रीतसर आहे. मुंबईच्या एका कंपनीनं आणलेत. तुम्हीच तर कळवलं होतं म्हणे."

दुसऱ्या दिवशी आयात खात्याच्या पुण्याच्या कचेरीत साहेबांनी फाईल उघडली. मच्छिंद्रच्या लेटरहेडवर टाइप केलं होतं: असे उपकरण आम्ही बनवत नाही आणि नजीकच्या काळात बनवू शकणार नाही. खाली त्याचीच सही होती.

"सही तुमचीच ना?"

"सही माझी. मजकूर माझा नाही."

"असं कसं चालेल? सही माझी नाही, असं प्रतिज्ञापत्र द्या. फाईल पुन्हा उघडतो, ज्यानं केलं त्याच्यावर खटला भरतो. सही तुमची असेल, तर मजकूरही तुमचाच."

मच्छिंद्र तिथून थेट दौंडला गेला. सोपानराव ओसरीवर कुणाचा तरी रेडिओ उघडून बसले होते. त्यांच्या पत्नी सिंधूबाईंनी चहा आणून ठेवला आणि दोघांची तोंडं बघून त्या आत गेल्या.

"आप्पा, ते पत्र तुम्ही लिहिलं?"

सोपानरावांनी सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. "लिहिलं."

"का?"

"त्या मुंबईच्या कंपनीला जिल्ह्यात दुरुस्तीला माणूस पायजे व्हता. मला घेतलं." मग आवाज चढला. "आन् तू काय देणार व्हतास रं? रिकामे डबे? ज्या सरकारनं बाहीरचा माल अडिवला, त्यानंच तुझे ट्रान्झिस्टर अडिवले. अकरा म्हैनं! मी कवापतुर वाट बघायची?"

"मला विचारायचं तरी."

"तू न्हाई म्हणला असतास."

"म्हणूनच विचारायचं होतं, आप्पा."

अकरा महिन्यांचं सोपानराव खरं बोलत होते, आणि तेच मच्छिंद्रला जास्त लागलं.

"सही माझी नाही असं मी लिहून दिलं, तर तुमच्यावर केस होईल," तो म्हणाला.

"व्हईल. पर तू खोटं लिहिणार न्हाईस. ते मला ठावं हाय."

म्हणजे हा माणूस मच्छिंद्रच्या खरेपणाच्या भरवशावर इतका निवांत बसला होता. काटा कसा वाचायचा ते यानंच शिकवलं, आणि आपल्याला वाचलंही यानंच.

"उरलेले कागद द्या."

सोपानरावांनी ट्रंकेतून तीन कोरे कागद काढून दिले. मच्छिंद्रनं ते तिथंच फाडले. चहा तसाच निवला होता.

सोमवारी त्यानं पुण्याच्या कचेरीत स्वतःच्या अक्षरात अर्ज दिला. सही माझी आहे. ती मी कोऱ्या कागदावर केली, हा माझा दोष. मजकूर माझ्या माहितीशिवाय लिहिला गेला. हे उपकरण मी बनवतो. तीन तयार आहेत. नऊ ट्रान्झिस्टरांवाचून अडले आहेत. त्यांच्या परवान्याचा अर्ज आपल्याच कचेरीत अकरा महिने पडून आहे.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "यानं आयात थांबणार नाही. उलट कोऱ्या कागदावर सह्या देणारा म्हणून यादीतून नाव जाईल तुमचं. परत घ्या हा."

"नको."

"अहो, तरुण आहात. यात तुमचा फायदा काय?"

मच्छिंद्रनं हाताखालची अर्जाची दुसरी प्रत पुढं सरकवली.

"हिच्यावर आवक क्रमांक टाकून द्या."