गालाची साक्ष

"भट्टीच्या भिंतीला आधी गाल लाव. हात खोटं बोलतो, कामाने राठ झालेला असतो तो. गाल खोटं बोलत नाही. गालाला ऊब लागली की मुकाट्याने मागे फीर."

सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं हे सांगणं सुनेच्या कानात जसंच्या तसं होतं. कानातच होतं, हीच तर अडचण. तिथून ते हातापर्यंत कधी पोहोचलंच नाही. भांडी घडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण भट्टी विझली रे विझली, की हिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. तापलेल्या भट्टीत गार वारा शिरला की भांडं तडकतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती दाराची सुटी वीट सरकवून आत डोकावायची आणि आतून 'टिण्ण' असा आवाज यायचा. अख्खी गल्ली तिला घाईबाई म्हणायची, ती उगीच नव्हे.

रोज सकाळी ती गुडघे टेकून एक स्तोत्र वाचायची. हा नेम तापातसुद्धा चुकला नव्हता. फक्त 'आमेन' तेवढं उभं राहता राहता व्हायचं.

आता मात्र प्रकरण नाजूक होतं. चर्चमधलं बाप्तिस्म्याचं मातीचं पात्र झिरपू लागलं होतं. गेल्या खेपेला बाळापेक्षा पाळकांच्या बुटांचाच बाप्तिस्मा झाला. नवं पात्र घाईबाईने करायचं ठरलं, कारण येत्या रविवारी बाप्तिस्मा होता तिच्याच नातीचा. पहिलं पात्र तिच्या डोकावण्यापायी गेलं. दुसरंही त्याच वाटेने गेलं. भट्टीत होतं ते तिसरं, आणि रविवारच्या आत चौथं होणं शक्य नव्हतं.

"नाहीच जमलं तर घरचं एखादं पातेलं आणा," पाळक म्हणाले होते. "बाप्तिस्मा पाण्याने होतो, भांड्याने नाही."

"पातेलं!" घरी येऊन ती नणंदेजवळ फणफणली. "माझी नात काय बटाटा आहे?"

शुक्रवारी भट्टी विझली. दार लिंपून झाल्यावर घाईबाई तिथेच गुडघ्यांवर बसली. "प्रभू, ही भट्टी आता तुझ्या हाती. भिंत गार होईपर्यंत मी उघडणार नाही. शब्द देते."

मागे नणंद भांड्यांवर नक्षी काढत बसली होती. "ऐकलं हं मी, वहिनी. देव दयाळू आहे, सोडून देईल. मी नाही सोडायची."

शनिवार मुंगीच्या पावलांनी चालला. घाईबाईने धुतलेले कपडे परत धुतले, स्वच्छ फडताळ पुसलं, आणि प्रत्येक कामाची वाट कशी कोण जाणे भट्टीवरूनच जात होती. दुपारी नणंदेने तिला विटेपाशी गाठलंच.

"काय चाललंय?"

"काही नाही, वन्सं. धूळ पुसत होते."

"भट्टी देवाच्या हाती दिलीस ना? मग काजळी तुझ्या हाताला कशी?"

घाईबाई ओशाळली, पण हार मानेल तर ती कसली. "नोहानेसुद्धा खिडकी उघडून कबुतर सोडलं होतं. अंदाज घ्यायला."

"तू सोडून बघ कबुतर. भाजूनच बाहेर येईल."

तेवढ्यात लेक बाळाला घेऊन आली. बाळ गाढ झोपलेलं. घाईबाईने त्याला मांडीवर घेतलं न घेतलं, तोच गालाला बोट लावून म्हणाली, "ऊठ गं बाई, डोळे तरी दाखव."

"आई, झोपू दे ना तिला!"

नणंदेने कुंचला खाली ठेवला. "वहिनी, एक विचारू? ही पोर नऊ महिने आत होती, तेव्हा वीट सरकवून बघितलं होतंस का गं?"

लेक खो खो हसत सुटली. घाईबाईसुद्धा हसली, आणि मग अर्ध्यातच थांबली. मांडीवरची इवलीशी मूठ तिच्या काजळी लागलेल्या बोटाभोवती मिटली होती. नाक, नखं, भुवया, सगळं जागच्या जागी. यातलं काहीही तिने डोकावून नीट करवून घेतलं नव्हतं. बाळ आपणहून जागं होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. पायाला मुंग्या आल्या, तरी हलली नाही. त्या संध्याकाळी ती भट्टीकडे फिरकली नाही.

रविवारी सकाळी गुडघे टेकून झाले, स्तोत्र झालं, आमेनसुद्धा बसून झालं. मग चांगले कपडे घालून तिने भिंतीला गाल लावला.

ऊब होती. अगदी थोडी, पण होती.

"बघू," म्हणत नणंदेनेही गाल टेकला. शेवटी तिचीही नातच ती. आतल्या पात्राच्या कडेची वेलबुट्टीही तिने जीव ओतून काढलेली. "अगं, कोमट आहे नुसती! कोमट म्हणजे गारच की. उघड पटकन, घंटा होईल आता."

"नको, वन्सं."

"वहिनी, एवढ्याने काही होत नाही!"

"मी नेहमी हेच म्हणायचे." घाईबाई हसली. "शब्द दिलाय. तुम्ही ऐकलात ना?"

"अगं, पण आत धड आहे की फुटलंय, तेही माहीत नाही आपल्याला!"

"ज्याच्या हाती दिलंय, त्याला माहीत आहे. माझी घाई त्याला लागू नाही."

घाईबाई घरात गेली. सगळ्यात मोठं पातेलं काढून तिने राखेने असं घासलं, की त्यात स्वतःचा चेहरा दिसला, गालावरच्या काळ्या ठिपक्यासकट. ठिपका पुसायचं तिच्या मनातही आलं नाही.

फाटकाची वाट भट्टीवरूनच होती. विटेपाशी पोहोचताच उजवा हात सवयीने पुढे सरसावला. तिने डाव्या कडेवरचं पातेलं उजव्या कडेवर घेतलं, त्या हाताला धरायला काम दिलं, आणि कुणाला हाक न मारता, न धावता, उपासनेला निघाली.