मायलेकींचा एकच मांडव

ओनालेन्नाचं लग्न ठरलं त्याच दिवशी तिच्या आईने, सेगामेत्सीने शेजारच्या मा-फेन्योकडे तीन पायांचे दोन मोठे लोखंडी हंडे सांगून ठेवले. मोशुपा गावात लग्नसराईला हंडे मिळणं नवरा मिळण्याहून अवघड, असं ती गमतीने म्हणायची. तीस वर्षं तिने बस थांब्यावर निखाऱ्यांवरच्या जाड भाकऱ्या विकल्या होत्या. शंभर माणसांना किती पीठ लागतं आणि दीडशेंना किती, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

ओना बांधकामाच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर बसायची. तिने बारा हजार पुला साठवले होते. हल्ली गावात लोक जो पांढरा शुभ्र तंबू भाड्याने आणतात आणि खुर्च्यांनाही झालरीचे झगे घालतात, तेवढ्यातच ते संपले असते. म्हणून मायलेकींनी ठरवलं, सगळं घरीच करायचं. मांडवाला शाळेच्या भाजीबागेवरची हिरवी जाळी, खुर्च्या चर्चच्या, आल्याचं सरबत घरचं, केकही ओनाच भाजणार. मांसाला एक बैल पुरे, तो बाप देणार होता. बाप म्हणजे मोथुसी. गावाबाहेरच्या गुरांच्या वाडीवर बोअरचं इंजिन सांभाळायचा, शनिवारी घरी यायचा.

मग एका रविवारी केबोनांग आला. सेगामेत्सीचा थोरला भाऊ, म्हणजे ओनाचा मामा. मामाशिवाय पोरीच्या लग्नाचं पान हलत नाही. त्याने दोन कप चहा घेतला, सगळी यादी ऐकली, मिशी पुसली आणि म्हणाला, "बेत छान आहे. पण नवऱ्याकडून पोरीच्या देजाची गुरं आली की ती उतरवून कोण घेणार?"

"तिचा बाप," सेगामेत्सी म्हणाली.

"कोण बाप? तुझी गुरं कुठे आलीत अजून आमच्या गोठ्यात? आमच्या लेखी तो माणूस तीस वर्षं तुझ्याकडे आलेला पाहुणा आहे. पाहुणा चहा घेतो, गुरं घेत नाही."

मोथुसी तिथेच बसला होता. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि त्या टोपीकडेच बघत राहिला.

"आणि दुसरं," मामा जरा खालच्या आवाजात म्हणाला, "लग्नाच्या पहाटे बायका नवरीला आत घेऊन बसतात, चार गोष्टी सांगतात. त्या खोलीत शालवाल्या, रीतसर लग्न लागलेल्या बायकाच बसतात. सेगा बाहेर राहील. मी नियम केलेला नाही."

"म्हणजे माझ्याच लग्नात माझी आई दाराबाहेर?" ओनाने विचारलं.

"चहा कोणी तरी करायला हवाच ना गं," सेगामेत्सी घाईघाईने म्हणाली. अशा किती पहाटे तिने चहा केला होता. बहिणींच्या लग्नात, भाच्यांच्या लग्नात. आत कुजबूज चालायची, मध्येच हशा उठायचा, आणि ही दाराशी ट्रे ठेवून परत चुलीकडे वळायची. सवय झाली होती. निदान तिला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पीठ मळत असताना ओना समोर येऊन बसली.

"आई, आधी तुझं लग्न लावू या."

"गप गं. छप्पन्न वर्षांची घोडी झाले मी."

"शुक्रवारी तुझं, शनिवारी माझं. मांडव तोच, हंडे तेच. माझ्यासाठी सांगून ठेवलेला भाड्याचा पांढरा झगा मी रद्द करते. त्या पैशात निळ्या छापाचं कापड आणू, दोघींनाही होईल."

"लोक हसतील."

"हसू देत. जेवायला येतीलच ना?"

सेगामेत्सीने पिठाचा गोळा इतक्या जोरात आपटला की परातच उलटली. मग ती त्या उलट्या परातीशेजारी बसून रडली. ओनाने तिला रडू दिलं आणि पीठ गोळा केलं.

पुढच्या शनिवारी मोथुसी आला तेव्हा तिनेच विषय काढला. तो पायातले बूट काढत होता, एक हातात तसाच राहिला.

"म्हाताऱ्या बैलाला आता नवी वेसण?" तो म्हणाला. पण हसला नाही. बराच वेळ बुटातली वाळू झटकत राहिला. "मा-ओना, तुला एक सांगायचं राहिलंय. ओना पोटात होती तेव्हा मी आठ गुरं जमवली होती. पुरी आठ. मग तो दुष्काळ आला, त्यात सहा गेली. राहिलेली दोन घेऊन तुझ्या भावाच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं? म्हटलं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग इतकी वर्षं झाली की जायचीच लाज वाटायला लागली."

"मला का नाही बोललात कधी?"

"तू कधी विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला त्याचं काही नाही."

"आणि मला वाटलं, तुमच्या घरच्यांना मी पसंत नाही," ती म्हणाली. "तीस वर्षं मी तेच धरून बसले."

एका घरात, एका ताटात जेवलेली माणसं, आणि एवढी साधी गोष्ट मध्ये अडकून पडली होती.

मागणी घालायला माणूस स्वतः जात नाही, त्याचे काका-मामा जातात. मोथुसीचे सगळे काका-मामा देवाघरी गेलेले. राहिली होती थामागा गावची आत्या, मा-सेआबेलो. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. दोन चुलत भावांना घेऊन ती काठी टेकत केबोनांगच्या फाटकाशी आली. खुर्ची दिली तर नको म्हणाली. मागणाऱ्याने जमिनीवरच बसायचं असतं. सेगामेत्सी आतल्या खोलीत वहिनीजवळ बसून कान देऊन ऐकत होती.

"तुमच्याकडे पाणी प्यायला भोपळ्याचा तुंबा मागायला आलो आहोत," आत्या म्हणाली. मुलगी मागायला आलो असं सरळ कोणी म्हणत नाही, मागणीचं बोलणं असंच सुरू होतं.

"तुंबा?" केबोनांग गरजला. "आणि तीस वर्षं पाणी कशाने पीत होता तुम्ही?"

"ओंजळीने, बाबा," म्हातारी म्हणाली. "म्हणून तर अर्धंअधिक सांडलं."

आत वहिनीने डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडावर दाबून हसू आवरलं. केबोनांगचा आवाज पुन्हा आला तेव्हा तो बदललेला होता.

"आत्या, मी गुरांची वाट बघत नव्हतो. माणसांची बघत होतो. माझ्या पाठच्या बहिणीसाठी या फाटकाशी कोणीच आलं नाही. बाप मरेपर्यंत फाटकाकडे तोंड करून बसायचा."

"चूक आमची," आत्या म्हणाली. "माझीही. मी तेव्हाच चालत यायला हवं होतं, तेव्हा गुडघे होते."

मोथुसीकडे चार गुरं होती, त्यातला बैल तर लग्नाच्या जेवणाला जाणार. आत्याने स्वतःची एक गाय त्यात घातली. चार म्हणजे सम, आणि गुरं जोडीने यायला हवीत एवढंच वाडवडील सांगून गेले आहेत, असा निवाडा केबोनांगने दिला. मग त्याने हाक मारली, "सेगा, बाहेर ये. लोक तुला मागायला आलेत."

ती बाहेर आली. कुठे बघावं तेच तिला कळेना.

जिल्हा कचेरीत लग्नाच्या आगाऊ नोंदणीला मायलेकी, मोथुसी आणि ओनाचा होणारा नवरा लेफिका असे चौघं गेले. लेफिका शेजारच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवायचा. कारकुनाने मान वर न करताच विचारलं, "नवरी कोण?"

दोघी उभ्या राहिल्या.

"एकेक या," कारकून म्हणाला. मग त्याने चष्मा वर केला. "थोरली कोण?"

"मी आई आहे," सेगामेत्सी म्हणाली. "आधी माझं लिहा. माझं लिहिल्याशिवाय हिचं पुढे जात नाही."

कारकून इतका खूश झाला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंना त्याने खास बोलावून आणलं.

मग घर गजबजलं. मा-फेन्योने हाताने फिरवायचं शिवणयंत्र आणून ओसरीवर ठेवलं. निळ्या कापडाला खळीचा वास येत होता, घासलं की करकरत होतं. सेगामेत्सीचं माप घेताना मा-फेन्यो म्हणाली, "नवरी जरा भरलेली आहे." "भाकऱ्यांचा धंदा आहे माझा, वाळकी राहिले तर कोण घेईल?" सेगामेत्सीने ठणकावलं. केक ओनाने लोखंडी हंड्यात भाजला, खाली निखारे, झाकणावर निखारे. वरून काळा झाला. तिने सुरीने काळा थर खरवडला आणि वर साखरेचा लेप इतका जाड चढवला की कोणाला पत्ता लागला नसता, पण भेटेल त्याला ती स्वतःच सांगत सुटली.

गुरुवारी दुपारी ऑगस्टचा वारा सुटला. अंगणभर धूळ, आणि मांडवाची जाळी मधोमध टरटर फाटली. ओना मटकन खाली बसली. भाड्याच्या तंबूला असं झालं नसतं, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच आलं. तेवढ्यात लेफिका खांबावर चढला, खालून मोथुसीने पोती शिवायचा दाभण आणि सुतळी दिली. संध्याकाळपर्यंत सासरे-जावई दोन बाजूंनी जाळी शिवत होते. मोथुसी एरवी चार शब्दांवर न जाणारा माणूस. त्या दिवशी त्याने लेफिकाला बोअरच्या इंजिनाची सगळी जन्मकुंडली सांगितली. जाळीवर शिवणीचा जाड वेडावाकडा वण पडला. छान नव्हता, पण वाऱ्याला पुरून उरला.

शुक्रवारी सकाळी चार गुरं केबोनांगच्या गोठ्यात शिरली, आणि बायकांनी असा काही जल्लोष केला की पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकू लागली. कचेरीत लग्नाच्या सह्या करून परत आल्यावर बायकांनी सेगामेत्सीला आत नेलं. चटईवर पाय लांब करून बसवलं. तिच्याहून वीस वर्षांनी लहान भाचेसून गंभीर तोंड करून सांगू लागली, "नवऱ्याला तो कुठून आला ते विचारायचं नसतं."

"विचारायला कशाला हवं? अंगाला डिझेलचा वास येतो," सेगामेत्सी म्हणाली, आणि सगळी खोली फुटली. मग म्हाताऱ्या आत्याने चौकड्यांची जाड शाल उलगडली, तिच्या खांद्यांवर घातली आणि छातीशी मोठी पिन लावली. म्हातारीच्या हातून पिन तीनदा निसटली. कोणीही मदतीला पुढे झालं नाही. सगळ्या थांबल्या. चौथ्यांदा लागली.

शनिवारी लेफिकाकडची गुरं मोथुसीने, आता बाप म्हणून, उतरवून घेतली, आणि उजाडता उजाडता त्याच खोलीत, त्याच चटईवर ओना बसली. दाराशी चहाचा ट्रे घेऊन दुसरीच कोणी आली होती. सेगामेत्सी भिंतीला टेकून, शाल घट्ट लपेटून आत होती. एकेक बाई बोलली. सहन कर, घरातलं बाहेर नेऊ नकोस, मुक्या माणसाचं घर टिकतं. मग आत्या म्हणाली, "आता आई."

सेगामेत्सीने काही जुळवून ठेवलेलं नव्हतं. तिने लेकीचा पाय हातात घेतला, लहानपणी काटा काढायला घ्यायची तसा.

"मी तीस वर्षं गप्प राहिले," ती म्हणाली. "गप्प राहणं म्हणजे शहाणपण असं मला वाटायचं. तुझा बापही गप्प राहिला. दोघांच्याही पोटात एकच दुखणं होतं, आणि आम्ही ते वेगवेगळ्या कोपऱ्यात बसून काढलं. तू गप्प राहू नकोस, ओना. हवं ते माग. दुखलं तर सांग. त्यालाही विचार."

एका वडीलधाऱ्या बाईने घसा खाकरला. "असं शिकवत नाहीत इथे."

"शिकवू दे तिला," आत्या म्हणाली. "आपल्यात सगळ्यात नवी शाल तिची, पण सगळ्यात जुना संसारही तिचाच."

ओनाने दुसरा पायही आईच्या मांडीवर ठेवला.

बाहेर ऊन अंगणात उतरलं होतं. पुरुष हंड्यांभोवती उभे राहून शिजलेलं मांस मुसळांनी कुटत होते, धप धप आवाज लयीत चालला होता. बाया गाणं म्हणत नवरीला घेऊन बाहेर पडल्या. सगळ्यात शेवटी सेगामेत्सी आली. मोथुसी मुसळ टाकून तिच्याजवळ आला, हात कोपरापर्यंत रश्शाने माखलेले.

"काय सांगितलंस गं पोरीला?" त्याने हळूच विचारलं.

तिने शाल खांद्यावर नीट सावरली, मान ताठ केली.

"बायकांच्या खोलीतलं पुरुषांना सांगत नसतात," ती म्हणाली, आणि मीठ बरोबर आहे का ते बघायला हंड्याकडे गेली.