निसार मिस्त्री आणि हंबीररावाचं डिफरन्शियल

निसार मिस्त्रीनं फोन कानाला लावला आणि पलीकडनं हंबीरराव असा काही ओरडला की शिवाजी पेठेतल्या त्या बोळातलं झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून बसलं. या माणसाला फोन लागतोच कशाला म्हणतो मी! वडणगे गावातनं नुसती हाक मारली असती तरी भागलं असतं.

"मिस्त्री, ट्रॅक्टर सरळ गुमान जातोय! बांधाला वळवाय गेलं की चाकं फरफटत्यात, आतनं कडाकडा वाजतंय! शुक्करवारी तुमीच जोडून दिलाय न्हवं?"

"व्हय, मीच," निसार म्हणाला, आणि फोन ठेवून चपला शोधायला लागला.

धास्ती घ्यावी असंच होतं सगळं. हंबीररावाचा ट्रॅक्टर म्हणजे ते छोटं वाण, उसाच्या सऱ्यांमधनं मातीची भर घालत फिरणारं. त्याची गिअरपेटी आणि मागचं डिफरन्शियल निसारनं पुरं खोलून, झिजलेले गिअर बदलून, परत बसवून दिलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचं त्याचं हे पहिलं मोठं काम. पोरगा आरिफ शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर. तो तेव्हाच म्हणाला होता, "अब्बा, आता बास करा. नजर पहिल्यासारखी न्हाय. एखादी चूक झाली तर चाळीस वर्षांचं नाव मातीत जाईल." निसार भडकला. भडकायला त्याला मोठं कारण लागतच नाही, चहात साखर कमी पडली तरी पुरतं. भडकून बोलून गेला, "माझ्या हातची एक चूक निघू दे, त्या दिवशी पाना खाली ठेवतो आन् घरी बसतो. जबान हाय ही निसारची!"

आता जबान दिली म्हणजे दिली. तोंडातनं गेलेला शब्द काय जॅक लावून परत उचलता येतो होय?

आरिफला त्या दिवशी सुट्टी होती. बापाला गाडीवर मागं बसवून तो वडणगेला निघाला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला गाडी हळू करत होता, आणि निसारला त्या जपण्याचाच जास्त राग येत होता. पण खरं सांगायचं तर राग कमी आणि भीती जास्त होती. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. ती सोय डिफरन्शियल करतं. चिखलात एकच चाक जागेवर गरगरायला लागलं, तर टाचेजवळचं लॉकचं पेडल दाबायचं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडतात आणि ट्रॅक्टर बाहेर निघतो. पाय काढला की लॉक सुटायला पाहिजे. त्या लॉकच्या दांडीवर, पेटीच्या आत, अंगठीएवढी एक क्लिप असते. ती नसली तर लॉक आपलं आपण बसतं आणि सुटत नाही.

ती क्लिप आपण बसवली का नाही, हेच निसारला आठवेना. डबीतनं काढलेली आठवत होती. पुसलेली आठवत होती. त्याच्या पुढचं सगळं कोरं.

हंबीररावाच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता. हंबीररावाची आई चिमणाबाई घरापुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. "ये रं निसारा," म्हणाली, आणि परत शेंगांत गुंतली.

निसारनं आधी तेलाचा बोल्ट जरासा ढिला करून पांढऱ्या फडक्यावर दोन थेंब तेल घेतलं. उन्हात धरलं. लोखंडाचा चुरा नाही. म्हणजे दात तुटलेले नाहीत. तेवढा एक श्वास मोकळा झाला. मग मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, खाली ओंडके घातले, गिअर मोकळा केला.

"आरिफ, तिकडं उजव्या चाकाकडं बघ. मी डावं फिरवतो. उजवं उलटं फिराय पाहिजे."

त्यानं डावं चाक पुढं ढकललं.

"कसं फिरतंय?"

आरिफनं वाकून बघितलं. "पुढंच फिरतंय, अब्बा. तुमच्यासंगंच."

संपलं. लॉक आत बसलेलं होतं. ज्याची धास्ती होती तेच. चाळीस वर्षं! आणि शेवटी काय, तर अंगठीएवढी क्लिप! आरिफच्या तोंडाकडं बघायचं धाडस त्याला झालं नाही. आरिफनं पाना उचलला. "द्या, मी खोलतो. तुमी बसा सावलीला."

"थांब!" निसार खेकसला. सवयीनंच खेकसला. त्याच्या उस्तादाची शिकवण होती, आधी बाहेरनं, मग आतनं. पेटी खोलायच्या आधी प्रत्येक दांडी बाहेरनं हातानं चाचपायची, डोळे मिटून. डोळ्याला जे दिसतं ते बोटाला पटेलच असं नाही, असं उस्ताद म्हणायचा. तसा तो बरंच काही म्हणायचा, पण एवढं खरं होतं.

निसार पाठीवर झोपून ट्रॅक्टरखाली सरकला. डोळे मिटले. बोटं पेडलवरनं खाली आली, दांडीवर आली, चिखलाच्या पापुद्र्यावरनं पुढं सरकली आणि अडली. काहीतरी गोल. वर कापड.

"हे काय हाय रं?"

ओढून काढलं तर लाल फडक्यात बांधलेला नारळ! शेंडीसकट, चिखलानं माखलेला. दांडी आणि पेटी यांच्या मधोमध पाचरीसारखा बसला होता. तो निघाला तशी दांडी खट्दिशी मागं आली आणि पेडल वर उठलं.

"फिरव! फिरव चाक!" निसार खालनंच ओरडला.

आरिफनं डावं चाक फिरवलं. उजवं उलटं फिरलं. परत फिरवलं. परत उलटं.

"या अल्ला!" निसार तिथंच, मातीत, पाठीवर पडल्या पडल्या हसायला लागला. क्लिप बसवलेली होती. क्लिप जागच्या जागी होती!

बाहेर येऊन त्यानं नारळ हंबीररावाच्या नाकासमोर धरला. "चिखलात रुतलावतास का?"

"शनवारी. ओढ्याकडंला. लॉक दाबूनच बाहेर काढला की."

"तवाच ह्यो नारळ हलून दांडीमागं गेला. पाय काढलास, पर लॉक सुटलंच न्हाय. आन् चार दिवस तसाच वळवत बसलास, गड्या! पर नारळ बांधला कुणी हितं?"

हंबीररावानं सोप्याकडं बघितलं. चिमणाबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"मीच," ती म्हणाली. "मला काय ठावं आत काय काय असतंय! निसारा, तू नीट करून दिलास आन् कसा चालाय लागला रं ट्रॅक्टर, लोण्यावानी! आवाज न्हाय, हिसका न्हाय. समदी गल्ली बघाय लोटली. म्हटलं, मिस्त्रीच्या एवढ्या नामी कामाला कुणाची तरी दृष्ट लागंल. म्हणून बांधला, कुणाला दिसू नये असा."

हंबीरराव आईवर ओरडणार होता, पण त्याच्या आधी निसारच्या डोळ्यांतनं पाणी आलं. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं होतं. पण हे पाणी आतनं आलं होतं, त्याला डॉक्टर तरी काय करणार! बाहीनं पुसायला गेला तर बाहीला सगळं ग्रीस.

हंबीररावानं ट्रॅक्टर खाली उतरवून अंगणात दोन चकरा मारल्या. डावीकडं वळवला, उजवीकडं वळवला. आवाज नाही, हिसका नाही. आरिफ फडक्यानं पाने पुसून पिशवीत भरत होता. सगळे भरून झाल्यावर त्यानं पिशवी बापाच्या हातात दिली.

"अब्बा," तो म्हणाला, "आमच्या फौंड्रीतल्या सायबांचाबी असलाच ट्रॅक्टर हाय. गिअर पडत न्हाईत म्हणत होते. उद्या घेऊन या म्हणू?"

"उद्या कशाला?" निसार भडकला. "आजच आणा म्हण की!"