घाटल्याचा वास

गौरी पुजायच्या दिवशी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. पडवीतून माजघरात, माजघरातून न्हाणीपाशी, तिथून परत स्वयंपाकघराच्या दारात. राजेश, म्हणजे माझा नवरा, मखराच्या दिव्यांची माळ सोडवत बसला होता. तो म्हणाला, "अगं, बस की जरा. घर काय पळून चाललंय?" त्याला काय सांगणार? त्याची आई आत चुलीपुढे होती, आणि तिला वास येत नव्हता. हे घरात दोघींनाच ठाऊक होतं, तिला आणि मला. मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. आमच्या आत्यांचं नाव गोदूबाई. पोलादपूरच्या पलीकडे, आंबेनळीच्या वाटेवरच्या आमच्या गावात गोदूबाईचं घाटलं म्हटलं की म्हातारी माणसंही सरसावून बसतात. पहिल्या दिवशी गौर येते तेव्हा भाजी-भाकरी, आणि दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं. घावन कुणीही करतं. घाटल्याला मात्र आत्या दुसरा हात लागू देत नाहीत. तांदळाचं पीठ तुपावर भाजायचं, गुळाच्या पाण्यात शिजवायचं, शेवटी नारळाचा रस घालून वर हळदीचं पान झाकायचं. सांगायला इतकंच. पण नैवेद्य आहे. देवीपुढे ठेवल्याशिवाय कुणी चाखायचा नाही, चाखला की उष्टा झाला. म्हणून जिभेचं सगळं काम नाकाने करायचं. पीठ झालं का, गूळ लागला का, नारळ चांगला आहे का, सगळं नाकाला विचारायचं.

आषाढात आत्यांना ताप आला होता. ताप उतरला, पण मला एकेक दिसू लागलं. एकदा शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं होतं, स्वयंपाकघर गॅसने भरलेलं, आणि आत्या तिथेच बसून शांतपणे शेंगा मोडत होत्या. मी धावत जाऊन खिडकी उघडली तर मलाच ओरडल्या, "पाऊस येईल आत." मग एके दिवशी मी परसात सुकट भाजली. सुकट भाजली की साऱ्या वाडीला कळतं. आत्या मागल्या दारात उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "आज काय करतेस गो जेवायला?" त्या दिवशी माझी खात्री पटली.

आता खरं सांगते, पहिल्यांदा मला बरंच वाटलं होतं. मी महाडची, या घरात येऊन कितीतरी गौरी झाल्या, आणि दरवर्षी माझ्या वाट्याला काय, तर पडवीत बसून नारळ खवणं. खवलेला कीस आत नेऊन द्यायचा आणि बाहेर यायचं. "बघून शिक," म्हणायच्या, आणि बघायला उभी राहिले की म्हणायच्या, "उजेड अडवू नको." तेव्हा ती घाटल्याची पळी आपल्या हातात येईल असं मनात आलं तर त्यात नवल काय? पण ती अशी यावी असं मला वाटत नव्हतं. साऱ्या भावकीसमोर त्यांचं नाक गेलं म्हणून कळावं, आणि मग आयुष्यभर त्यांनी कोपऱ्यात बसून दुसऱ्याच्या हातचं खावं, हे मला नको होतं.

म्हणून आदल्या दिवशी मी हळूच म्हटलं होतं, "आत्या, उद्या नारळ मी फोडू?"

"का? मी काय मेलेय?"



आज तर त्यांनी कहरच केला. नारळ खवायलाही मला बसू दिलं नाही. "तू पावण्यांचं बघ, मी करते सगळं," म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. मी बाहेर येरझाऱ्या घालत राहिले. आतून नारळ फुटल्याचा आवाज आला की मी दारापर्यंत जाऊन परत फिरायचे. त्यांतले काही नारळ माळ्यावर कधीचे पडून होते.

तेवढ्यात माझ्या धाकट्या दिराची गाडी आली, गौरीच्या ओटीचे नारळ घेऊन. त्याची बायको अपेक्षा डोंबिवलीची. पोरगी वाईट नाही, पण तिच्या हातातला फोन खाली येत नाही. यंदा तिने ठरवलंच होतं, आईंच्या जुन्या सणाच्या रेसिपी शूट करायच्या. "ताई, आता हे असलं ऑथेंटिक कुणाला येतं? नाहीतर पुढच्या वर्षी सरळ महाडला कॅटररला ऑर्डर द्यायची. आईंना किती त्रास." हे ती प्रेमानेच म्हणाली, म्हणून मला जास्त राग आला.

ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिच्यामागून मीही. दारात ठकू काकी, म्हणजे आत्यांची जाऊ, पाट टाकून बसली होती. चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. अपेक्षाने फोन धरला.

"आई, गूळ किती घ्यायचा?"

"अंदाजानं."

"आणि उतरवायचं कधी?"

"वास सुटला का उतरायचं."

"पण कसला वास?"

 आत्या पातेल्यात बघत पळी फिरवत राहिल्या. त्यांच्या मानेवर घाम आला होता. मी दोन पावलं पुढे गेले आणि मला तो वास आला. वरून वेलची होती, उदबत्ती होती, चुलीचा धूर होता. पण त्या सगळ्याखाली, जुन्या तेलाच्या बाटलीचं बूच काढावं तसा, खवट नारळ होता. रस घालून झाला होता. पातेलं बिघडलेलं होतं.

 बाहेर सासरे, कोंडाजी पाटील, आरतीची ताटं मांडा म्हणून हाका मारत होते. भावकी ओसरीवर जमली होती. बोलावं तर अपेक्षाच्या फोनमध्ये आणि ठकू काकीच्या तोंडात जाणार, आणि ठकू काकीच्या तोंडात गेलेली गोष्ट पोलादपूरच्या बाजारातही ऐकू येते. गप्प बसावं तर देवीच्या पानात खवट घाटलं, आणि मग भावकीच्या. पहिल्याच घासाला सगळे एकमेकांकडे बघतील, आणि कुणी काही बोलणार नाही, आणि ते तर बोलण्यापेक्षा वाईट.

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. हात पुढे गेला. आत्यांच्या हातातली पळी घेतली, घाटलं तळहातावर ओतलं आणि सगळ्यांच्या देखत चाटलं. हात चांगला पोळला.

"अगो बाई," ठकू काकी म्हणाली.

आत्यांचा चेहरा पांढरा पडला. "काय केलंस गो? भान हाय का तुला? नैवेद्याचं पातेलं..."

"भूक लागली होती," मी म्हटलं. याहून शहाणं काही सुचलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. सासरे आत येऊन म्हणाले, "शाळा शिकून हेच शिकली काय?" राजेश माझ्याकडे बघेना. अपेक्षाने फोन खाली केला आणि म्हणाली, "ताई, निदान तुम्हाला तरी कळायला हवं होतं." मला, जिला एकटीला कळलं होतं तिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पोळण्याने नव्हे, रागाने. आता दर गौरीला ही गोष्ट निघणार होती. महाडची सून, हावरी, गौरीच्या आधी जेवली. माझ्या सुनांनासुद्धा ही गोष्ट ऐकावी लागणार होती.

पातेलं उष्टं झालं, ते म्हशीच्या घमेल्यात गेलं. आत्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं. "हिला ठेवा," म्हणाल्या. "हिनं घाण केलीय, ही निस्तरील." ठकू काकी नाइलाजाने उठली. दार लागलं.

आत्या चुलीपुढे बसल्या. बराच वेळ निखारेच सारखे करत होत्या.

"काय लागलं?" त्यांनी विचारलं.

"खवट."

त्यांनी मान हलवली. "कवापासून ठावं हाय तुला?"

"सुकट भाजली तेव्हापासून."

"आनि गप बसलीस."

"तुम्हीपण गप्पच होता की."

मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "कुनाला सांगू? सांगितलं का चूल गेली. मंग माझं ह्या घरात काय ऱ्हायलं गो?"

 मी माझा पोळलेला हात पाण्यात बुडवला. आत्यांनी तो ओढून घेतला, बघितला, त्यावर तूप चोळलं आणि म्हणाल्या, "वटीचे नारळ आण अपेक्षाचे. ताजे असतील."

त्यांनी नारळ फोडला आणि सवयीने भकल स्वतःच्या नाकाशी नेलं. मग मध्येच थांबल्या आणि ते माझ्या नाकाखाली धरलं. मी मान डोलावली. दुसरं धरलं. मी मान डोलावली. पीठ तुपात पडलं तशा म्हणाल्या, "सांग."

"अजून कच्चं आहे."

"आता?"

"आता... चण्याच्या भट्टीसारखं येतंय."

"मंग उशीर झाला, खाली घे, लवकर." आणि मग, "गुळाचं पाणी वत. आता उसाचा येतोय का काकवीचा?"

"उसाचा."

"थांब मंग. काकवीचा आला का सांग."

इतक्या वर्षांत जे मला दारात उभं राहून दिसलं नव्हतं, ते त्या मला विचारून विचारून सांगत होत्या. बाहेर सासऱ्यांच्या हाका चालूच होत्या. आम्हा दोघींना घाम फुटला होता. माझा हात ठणकत होता, आणि तरी सकाळपासून पहिल्यांदा मी एका जागी बसले होते.

आरतीला उशीर झाला. नैवेद्य दाखवला, पंगत बसली. कुणीतरी म्हणालं, "गोदूवैनी, तुमच्या घाटल्याचा वास पार रस्त्यावर येतोय." आत्या हसल्या. मी वाढत असताना दोघीतिघींनी विचारलं, "तुला वाढू का गो, तुझं तर आधीच झालंय." मी वाढत राहिले.

शेवटच्या पंगतीला आम्ही बायका बसलो. आत्या माझ्या शेजारी होत्या. त्यांनी घावनाचा तुकडा घाटल्यात बुडवला, तोंडात टाकला आणि चावत राहिल्या. मग मलाच ऐकू येईल असं म्हणाल्या, "मला निसतं गोड लागतं. दुसरं कायच नाय. माती खाल्ली तरी कळायचं नाय."

 मी त्यांच्याकडे न बघता सांगायला लागले. पहिल्यांदा हळदीचं पान येतंय, आत्या, मग नारळ, ताजा, दुधासारखा. पीठ थोडं जास्त भाजलंय, ते मागून येतं, वाईट नाही. त्या मान खाली घालून ऐकत होत्या आणि एकेक घास घेत होत्या.

"आनि वेलची?"

आजवर त्यांच्या स्वयंपाकाला मी कधी नाव ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "वेलची जास्त झालीय."

 समोर ठकू काकी कान टवकारून बसली होती. आत्यांनी पानातलं घाटलं बोटाने निपटून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पुढल्या वर्साला वेलची तू घाल. मी सांगीन कवा उतरायचं ते."