उंबऱ्यावरचा दीर

आमच्या घरात दोन शहाणे. एक माझा नवरा, नानासाहेब, आणि दुसरा त्यांचा धाकटा भाऊ कडूबा. सिल्लोडला माझ्या लेकीच्या लग्नात कडूबाला टोपी-टॉवेल घ्यायला उशिरा पुकारलं, बस्स, एवढंच. तो म्हणाला, तुमच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाय. हे म्हणाले, मी जन्मात तुझ्याशी बोलणार नाय. त्या लेकीचं पोरगं आता शाळेत जातंय, पण ह्या दोघांच्या डोक्यातून ती टोपी काय निघाली नाय. थू असल्या मानपानावर.

पुढं ह्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि गळ्याला भोक पाडून नळी बसवली. श्वास आता तिथूनच. तिच्यात कफ दाटला की घरघर लागती, मग एक बारीक नळी आत घालून यंत्रानं तो ओढून काढायचा. नाय काढला तर माणूस कोंडून मरतो. दवाखान्यातल्या फहमिदा सिस्टरनं मला शिकवलं. बारीक नळी आत सारताना ओढायचं नाय, भाईर घेतानाच तिच्या बाजूच्या भोकावर अंगठा दाबायचा. आणि तेवढा वेळ स्वतःचा श्वास धरायचा. आपल्याला कोंडलं की समजायचं, त्यालाबी कोंडलंय.

ह्यांनाबी तिनं शिकवलं, गळ्यातल्या नळीवर बोट ठेवा, बोलता येईल. ठेवतात का? नाव नको. सिल्लोडच्या कापूस बाजारात म्हणे ह्यांच्या आवाजाचा लई दरारा होता, आता फाटक्या आवाजात बोलायची लाज वाटती. ताटलीवर चमचा आपटतात, आणि मी पळायचं.

कडूबा शहरातल्याच उस्मानपुऱ्याहून रोज गारखेड्याला आमच्याकडं यायचा. भावासाठी त्याचा जीव तुटायचा, ते दिसायचं. पण पठ्ठ्या बसणार कुठं? ओट्यावर, पायात चपला तशाच. वहिनी, आज कसंय, असं भाईरून विचारायचा. मी आतून सांगायची, आणि हे भिंतीकडं तोंड फिरवायचे. कपाळ माझं.

त्या दिवशी भर दुपारी मी मोरीत धुणं धूत होते. चमचा वाजला, पण नेहमीसारखा नाय, वेडावाकडा. पळत आले तर ह्यांचे डोळे पांढरे, ओठ निळे, नळीतून नुसती शिट्टी. आणि दारात कडूबा, उंबऱ्याला पाय टेकवून वहिनी, वहिनी करत उभा. भाऊ मरायला टेकलाय, आणि ह्याला उंबरा आडवा आलाय.

यंत्राचं बटण दाबलं तर लाइट गेलेली. लाइट नसताना कफ ओढायला पायानं मारायचा पंप होता, पण तो माझ्या मोडक्या गुडघ्याला झेपत नाय. दिराला मी आयुष्यात कधी असं बोलले नव्हते.

‘आत्ता आत या, नाय तर उद्या खांदा द्यायलाबी येऊ नका.’

आला. चपलांसकट आला आणि दणादणा पंप मारायला लागला. मी बारीक नळी सारली, श्वास धरला, अंगठा दाबला. नुसता फेस. थोडं थांबले, पुन्हा सारली. काहीच नाय. बाजूला बघते तर कडूबाबी माझ्यासारखाच श्वास धरून, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि पाय चालूच. पुन्हा सारली, आणि वाळलेल्या कफाचा गोळा सुर्रकन भाईर आला. ह्यांची छाती हलली. हळूहळू ओठांवर रंग आला.

कडूबा भिंतीला टेकून उभा राहिला. मला वाटलं, आता तरी भाऊ भावाचा हात धरंल. कसलं काय. ह्यांनी त्याच्या पायांकडं बघितलं. मग बोट उचललं आणि गळ्यातल्या नळीवर ठेवलं.

‘चपला भाईर काढ.’

जीव वाचवणाऱ्याला हा मान. रडावं का हसावं कळेना, मी तोंडात पदर कोंबला. कडूबा वळला. ओट्यावर गेला, चपला काढल्या, आणि परत आत येऊन खाटेवर टेकला. ह्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं नाय.